उघड्या धातूच्या रंगाआधी मॉडेल विमानाचा पृष्ठभाग कसा तयार करावा? (मिग-२१ एफएल, १:७२)

गंगापूररोडकर

नमस्कार मंडळी. मिग-२१ एफएलचे १:७२ प्रमाणातील मॉडेल सध्या माझ्या टेबलावर आहे. धड, पंख आणि शेपूट जोडून झाले असून आता रंगाकडे वळायचे आहे. नाशिककरांना या विमानाबद्दल वेगळी आपुलकी आहे, कारण नाशिकजवळच्या ओझरचा विमान कारखाना १९६४ मध्ये उभा राहिला तो मिग-२१ साठीच. एफएल हा प्रकार डिसेंबर २०१३ मध्ये हवाई दलातून निवृत्त झाला आणि २६ सप्टेंबर २०२५ रोजी चंडीगडला मिग-२१ च्या शेवटच्या विमानांनाही निरोप देण्यात आला. तेव्हापासून हे मॉडेल करायचे मनात होते.

मला हे विमान सुरुवातीच्या काळातल्या रूपात, म्हणजे रंग न दिलेल्या ॲल्युमिनियमच्या पत्र्याच्या रूपात करायचे आहे. खरी अडचण इथेच आहे. हिरव्या-तपकिरी कॅमोफ्लाजमध्ये मंद रंग प्रकाश चहूकडे विखुरतो आणि बारीकसारीक दोष त्यात जिरून जातात. धातूचा रंग प्रकाश परतवतो, त्यामुळे केसाएवढी रेघही चमकून दिसते. शिवाय प्रमाणाचा हिशेब क्रूर आहे. मॉडेलवर ०.१ मिलिमीटरची पायरी राहिली, तर खऱ्या विमानावर ती ७.२ मिलिमीटरची होते, आणि ध्वनीच्या दुप्पट वेगाच्या आसपास जाणाऱ्या विमानाच्या पाठीवर अशी पायरी असूच शकत नाही.

माझ्या मॉडेलचा साचा जुना आहे. पाठीवरच्या कण्याच्या सांध्यात, शेपटीच्या थोडे पुढे, डावा अर्धा भाग उजव्यापेक्षा किंचित वर आला आहे. पंखांच्या वरच्या बाजूला मुळाजवळ उथळ खळगे आहेत. चाकांच्या दारांवर आतून गोल ठसे आहेत. नाकाच्या, म्हणजे हवा आत घेणाऱ्या तोंडाच्या, कड्याभोवती एका बाजूला फट आहे आणि कॅनॉपीवर (वैमानिकावरच्या पारदर्शक झाकणावर) मधोमध साच्याची रेघ आहे. मॉडेलच्या रंगावर आपल्याकडे पुष्कळ लिहिले जाते, पण रंगाआधीची ही दुरुस्ती मात्र "सांधे भरून घासून घ्यावेत" एवढ्या एका वाक्यात उरकली जाते. या धाग्यावर त्या एका वाक्याचाच विस्तार व्हावा, अशी विनंती आहे.

साचेकार

धागा उघडल्याबद्दल आभार. माझे पोटापाण्याचे काम अंबडच्या औद्योगिक वसाहतीत प्लास्टिकच्या साच्यांचे आहे, त्यामुळे आधी कारणांविषयी लिहितो. दोष कशामुळे झाला हे कळले की तो कशाने भरायचा हे ठरवणे सोपे जाते.

पंखांवरचे खळगे हे आकुंचनाचे खळगे आहेत. त्यांच्या बरोबर मागे, आतल्या बाजूला, जुळणीची खुंटी किंवा जाड बरगडी असणार. उजेडासमोर धरून पाहिल्यास दिसेल. जिथे प्लास्टिक जाड असते तिथे ते उशिरा थंड होते आणि थंड होताना आक्रसून वरच्या पातळ थराला आत ओढते. हे खळगे फार उथळ आणि पसरट असतात. त्यांना खोल कडा नसते, म्हणून मऊ पुट्टी त्यांच्या काठावर टिकत नाही. घासताना पापुद्रा होऊन निघून जाते. इथे प्लास्टिकला घट्ट धरून ठेवणारे आणि शून्य जाडीपर्यंत घासता येणारे काहीतरी हवे. माझ्या मते त्यासाठी फेविक्विकसारख्या सायनोॲक्रिलेट गोंदाला पर्याय नाही. भरण्यापूर्वी खळग्याचा तळ ४०० नंबरच्या घासकागदाने (नंबर जितका मोठा तितका कागद बारीक) थोडा खरवडून घ्यावा, म्हणजे पकड येते.

दारांच्या आतले गोल ठसे हे भाग साच्यातून बाहेर ढकलणाऱ्या पिनांचे आहेत. पिन थोडी खाली राहिली तर ठसा उंच येतो आणि वर राहिली तर खोल जातो. उंच ठसा नुसता सपाट खरवडला की काम झाले. खोल ठसा भरावा लागतो, पण त्याआधी मॉडेल पायांवर उभे केल्यावर तो दिसणार आहे का हे पाहून घ्यावे. न दिसणारे ठसे भरण्यात वेळ घालवू नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

पाठीवरची पायरी दोन कारणांनी येते. एकतर साच्याचे दोन अर्धे भाग एकमेकांवर नीट बसत नसतात, किंवा जोडताना आतला एखादा भाग, बहुधा कॉकपिटचा तळ किंवा मागची भिंत, धडाला आतून ताणत असतो. पहिल्या प्रकारात पायरी सलग आणि सारखी असते, तर दुसऱ्यात ती एका ठिकाणी जास्त असून हळूहळू कमी होत जाते. तुमची पायरी शेपटीजवळच असेल तर ती साच्याची दिसते. अशी पायरी पुट्टीने भरू नये. उंच बाजू खाली आणावी. भरून उतार केला तर पाठीच्या कण्याचा गोलवा बिघडतो आणि चंदेरी रंगात प्रकाशाची पट्टी तिथे वाकडी होते.

वॉटरपेपर

साचेकारांशी बहुतांशी सहमत आहे, पण फेविक्विकला पर्याय नाही हे मला मान्य नाही.

सायनोॲक्रिलेट घट्ट झाल्यावर पॉलिस्टायरिनपेक्षा, म्हणजे मॉडेलच्या प्लास्टिकपेक्षा, कठीण होत जातो. तो लावून दुसऱ्या दिवशी घासायला घेतला, तर कागद गोंदाला फारसे कापत नाही आणि दोन्ही बाजूंचे मऊ प्लास्टिक खाऊन टाकतो. भरलेली जागा मधे उंच राहते आणि तिच्या शेजारी दोन नवे खळगे तयार होतात. बोटाला ते लागत नाहीत, पण चंदेरी रंगाखाली हमखास उठून दिसतात. गोंद वापरायचाच असेल तर त्यात साधारण तेवढीच टाल्कम पावडर मिसळावी, म्हणजे तो घासायला सोपा राहतो, आणि लावल्यावर तासाभरात घासायला सुरुवात करावी.

मी स्वतः सांध्यांसाठी त्याच मॉडेलचे प्लास्टिक वापरतो. भाग काढून झाल्यावर उरलेल्या चौकटीचे बारीक तुकडे काचेच्या बाटलीत घालून त्यावर पातळ प्लास्टिक सिमेंट (प्लास्टिक विरघळवून जोडणारा गोंद) ओतावे. दुसऱ्या दिवसापर्यंत ते मधासारखे दाट होते. हा लगदा सांध्यात भरला की तो शेजारच्या प्लास्टिकशी एकजीव होतो, त्याच कठीणपणाचा राहतो, घासताना सारखा घासला जातो आणि नंतर त्यावरून पॅनेलरेषा (पत्र्यांच्या जोडाची कोरलेली रेषा) ओढली तर तिची कड तुटत नाही. दुकानातल्या ट्यूबमधल्या पुट्टीवर रेषा ओढून पाहा. ती भुगा होऊन बाहेर येते.

पुट्टीची निवड करताना ती किती लवकर सुकते हे पाहण्यापेक्षा ती प्लास्टिकइतकीच कठीण होते की नाही हे पाहावे, एवढेच माझे म्हणणे आहे.

साचेकार

वॉटरपेपर, कठीणपणाचा मुद्दा पूर्ण मान्य आहे. मात्र लगद्यातला द्रावक बाहेर पडायला फार वेळ घेतो हेही लिहायला हवे. जाड भरला तर वरून कडक लागतो, पण आत ओला असतो आणि नंतर कित्येक दिवस आक्रसत राहतो. आज सपाट घासलेला सांधा रंग दिल्यानंतर पुन्हा खोल जातो. म्हणून अरुंद सांध्याला लगदा आणि पसरट खळग्याला पावडर मिसळलेला गोंद, असे मी म्हणेन.

वॉटरपेपर

हे योग्य आहे. लगदा पातळ थरांत द्यावा आणि शेवटच्या थरानंतर निदान आठवडाभर मॉडेलला हात लावू नये, हे माझ्या प्रतिसादात राहून गेले होते. त्या काळात चाके, क्षेपणास्त्रे आणि कॉकपिट करता येतात. पंखांच्या खळग्यांबाबत तुमची पद्धत स्वीकारतो.

ओझरनिवासी

या धाग्यावर थोडे वेगळे लिहितो. काय भरावे याची चर्चा छान चालली आहे, पण काय भरू नये हेही तितकेच महत्त्वाचे आहे. मी विमानांच्या पत्र्याच्या कामात आयुष्य काढले आहे आणि आता नातवाबरोबर मॉडेल करतो.

मिग-२१ चे इंजिन बदलायचे असेल तर विमानाचा मागचा भाग शेपटीसकट सुटा करून मागे ओढावा लागतो. त्यामुळे पंखाच्या मुळाच्या मागच्या बाजूजवळ धडाभोवती एक पूर्ण गोल सांधा असतो आणि तो खऱ्या विमानावर स्पष्ट दिसतो. काही मॉडेलांत पुढचे आणि मागचे धड वेगवेगळे येते व त्यांची जोडणी नेमकी याच जागी होते. तिथे दिसणारी रेघ खरी आहे. ती भरून गुळगुळीत केली तर विमान चुकीचे होते. तिथे फक्त दोन्ही बाजू एका पातळीत आहेत ना, एवढे पाहावे. पंख आणि धड जिथे मिळतात तिथेही खऱ्या विमानात सांधा असतो. फट भरावी, पण रेघ पुसू नये.

उलट पाठीवर आणि पोटावर मधोमध जाणारी मॉडेलची रेघ ही दोन अर्ध्या भागांच्या जोडणीची आहे. ती बहुतेक ठिकाणी खऱ्या विमानात नसते आणि ती पूर्ण नाहीशी व्हायला हवी. प्रत्येक रेघेबाबत छायाचित्र समोर ठेवून निर्णय घ्या. एफएलच्या नाकावरची पिटोची (वेग मोजण्याची) नळी वरच्या बाजूला, मध्यरेषेवर असते, त्यामुळे नाकाचा वरचा सांधा घासून पूर्ण होईपर्यंत ती लावू नका. नाहीतर दोन्ही बिघडतील.

आणखी एक. या विमानांचा पत्रा आरशासारखा चकचकीत कधीच नव्हता. वेगवेगळ्या पॅनेलांच्या धातूची छटा वेगळी असे, शेपटीकडचा इंजिनाभोवतीचा भाग उष्णतेने काळपट होई आणि नाकातला शंकू व इतर काही भाग हिरव्या रंगाचे असत. पण खिळे पत्र्याच्या पातळीत बसवलेले असत आणि पॅनेल एकमेकांना भिडून असत. कुठल्याही कोनातून पाहिले तरी प्रकाशाची रेघ अखंड जायला हवी. मॉडेल करणाऱ्याने चकाकीच्या मागे न लागता ही अखंड रेघ साधावी, असे मला मनापासून वाटते.

गंगापूररोडकर

ओझरनिवासी काका, तुमच्या प्रतिसादामुळे माझे एक काम वाचले. धडाभोवतीचा तो सांधा मी भरण्याच्या यादीत धरला होता. आता तो तसाच ठेवतो. काका, पाठीवरचा कणा घासताना त्यावरच्या पॅनेलरेषाही जाणार. त्या पुन्हा ओढायच्या की सोडून द्यायच्या?

ओझरनिवासी

पुन्हा ओढायच्या. एक रेषा मधेच संपली की नजर तिथेच जाते.

वॉटरपेपर

रेषा पुन्हा ओढण्याबद्दल सविस्तर लिहितो, कारण पुष्कळ जण इथेच कच खातात.

घासायला सुरुवात करण्यापूर्वीच सांध्याच्या दोन्ही बाजूंच्या रेषा स्क्रायबरने (रेषा कोरण्याच्या टोकदार हत्याराने) किंवा पिनवाइसमध्ये (हातात धरायच्या छोट्या चिमट्यात) बसवलेल्या सुईने थोड्या खोल करून ठेवाव्यात, म्हणजे घासल्यानंतर त्यांचा माग राहतो. नंतर मधला पुसलेला भाग जोडायचा. त्यासाठी लेबल चिकटवण्याच्या यंत्रातली जाड प्लास्टिकची पट्टी उत्तम, कारण ती गोलाकार पृष्ठभागावर बसते आणि सुईला सरकू देत नाही. साध्या मास्किंग टेपला सुई सहज कापून जाते. सुई दाबू नये. हलक्या हाताने, एकाच दिशेने, पुन्हा पुन्हा ओढावी. पहिल्या काही ओढींत तर रेघ दिसतासुद्धा कामा नये. दाब दिला की सुई घसरते आणि मग घसरलेली रेघ भरण्याचे नवे काम मागे लागते. शेवटी रेषेच्या दोन्ही कडांना उचललेले प्लास्टिक बारीक कागदाने काढून रेषेत पातळ सिमेंटचा हलका कुंचला फिरवला की तळ गुळगुळीत होतो.

आता घासण्याविषयी. गोल धडावर कागद सांध्याच्या दिशेने पुढे-मागे घासला की धडावर चपटी पट्टी तयार होते. कागदाची अरुंद पट्टी कापून, तिच्या पाठीवर टेप लावून, बुटाला पॉलिश करताना फडके जसे दोन्ही हातांनी ओढतात तशी ती धडाभोवती आडवी ओढावी. सपाट पंखावर मात्र कागदामागे कडक ठोकळा हवा, नाहीतर बोटांच्या दाबाने लाटा उठतात. कागद नेहमी पाण्यात भिजवून वापरावा. तो लवकर भरत नाही आणि धूळ श्वासात जात नाही.

नंबरांच्या बाबतीत घाई करू नये. ४०० ने आकार आणावा, ६०० ने ४०० च्या चरा काढाव्यात, ८०० ने ६०० च्या, आणि असेच १०००, १५००, २००० पर्यंत जावे. प्रत्येक नंबरला घासण्याची दिशा बदलावी, म्हणजे आधीच्या चरा शिल्लक आहेत का हे लगेच दिसते. ४०० नंतर एकदम १५०० वापरला तर पृष्ठभाग हाताला रेशमी लागतो, पण खोल चरा तशाच असतात आणि धातूच्या रंगाखाली त्या ओळीने उभ्या राहतात. कॅमोफ्लाज द्यायचा असता तर १००० ला थांबून चालले असते.

निळीरेघ

मी महाविद्यालयात शिकते आणि माझे हे दुसरेच विमान आहे. परदेशी पुट्टी आणि सरफेसर (बारीक चरा भरणारा प्राइमर) महाग पडतात. एम-सील किंवा गाड्यांना मारतात ती एनसी पुट्टी चालेल का?

रंगशाळा

निळीरेघ, उत्तर देतो. मी सातपूरला गाड्यांच्या रंगकामाच्या विभागात आहे.

एनसी पुट्टी मॉडेलवर वापरताना जपून. तिच्यातला थिनर पॉलिस्टायरिनला विरघळवतो. जाड थर दिला तर खालचे प्लास्टिक मऊ पडून कायमचे वाकते, पंखाची पातळ कड तर हमखास. अगदी पातळ थर, तोही जाड भागावर, आणि दोन थरांमध्ये पूर्ण सुकण्याचा वेळ, इतके पाळलेत तर चालते. मोठी फट मात्र तिने भरू नये, कारण ती सुकताना बरीच आक्रसते. एनसी थिनरने मॉडेल पुसू तर अजिबात नये.

एम-सील दोन भाग मळून वापरायचे असल्यामुळे त्यात द्रावक नसतो, म्हणून ते प्लास्टिक खात नाही आणि आक्रसतही नाही. मोठी पोकळी किंवा नाकात वजन बसवण्यासाठी ते छान आहे. पण त्याचा कण जाड असल्याने कड शून्यापर्यंत नेता येत नाही. पृष्ठभागाच्या खाली वापरा, वरचा शेवटचा थर दुसऱ्या कशाचा तरी द्या.

तुमच्यासाठी सर्वांत स्वस्त उपाय वॉटरपेपर यांचा लगदा आहे. चौकट तुमच्याकडे असतेच, सिमेंटही लागतेच. वॉटर पेपर गाड्यांच्या रंगाच्या दुकानात सुटे मिळतात आणि बारीक कानशी सोनारांची हत्यारे विकणाऱ्या दुकानात. फक्त खोलीची खिडकी उघडी ठेवा, कारण सिमेंट आणि फेविक्विक दोन्हींच्या वाफा त्रासदायक असतात.

आता मूळ प्रश्नाकडे. दोष भरण्याइतकेच तो शोधणेही कौशल्याचे आहे आणि मॉडेल करणारे इथे फार कमी मेहनत घेतात. आमच्याकडे गाडीच्या पत्र्यावर जी पद्धत वापरतात ती इथे जशीच्या तशी चालते. राखाडी प्राइमर द्यावा. तो सुकल्यावर त्यावर काळ्या किंवा दुसऱ्या ठळक रंगाचा अगदी विरळ फवारा मारावा. पृष्ठभाग झाकायचा नाही, नुसते ठिपके पडले पाहिजेत. मग कडक ठोकळ्यावर १००० चा ओला कागद लावून हलके घासावे. उंच जागांवरून काळे ठिपके लगेच जातात, खळग्यांत ते शिल्लक राहतात. नजरेला आणि बोटाला न कळणारा खळगासुद्धा काळ्या डागासारखा समोर येतो. तो भरायचा आणि पुन्हा तेच करायचे.

प्राइमर दोष झाकण्यासाठी द्यायचा असतो हा समज सोडून द्या. जाड प्राइमरने चरा झाकल्या तर पॅनेलरेषाही भरून जातात. पातळ थर द्यावा, पाहावे आणि घासून बराचसा काढून टाकावा. धातूचा रंग द्यायचा आहे म्हणून, प्राइमर देण्याच्याही आधी, केवळ सांध्यांवरून मॉडेलच्या चंदेरी रंगाचा हलका थर मारून पाहा. शेवटी दिसणारे सगळे दोष तो आधीच दाखवतो.

तपासताना खोलीतला वरचा दिवा बंद करा आणि टेबलावरचा दिवा पृष्ठभागाच्या जवळजवळ समांतर, बाजूने धरा. पायरी असेल तर तिची सावली पडते. मॉडेल हळूहळू फिरवत दिव्याचे प्रतिबिंब सांध्यावरून जाऊ द्या. ते जिथे तुटते किंवा वळते तिथे काम बाकी आहे. काकांनी लिहिलेली अखंड रेघ ती हीच.

निळीरेघ

खूप आभार, दादा. दिवा बाजूने धरून आजच पाहिले. पूर्ण झाले असे समजत असलेल्या पंखावर घासण्याच्या कितीतरी चरा दिसल्या.

गंगापूररोडकर

रंगशाळा, विरळ काळ्या फवाऱ्याची पद्धत करून पाहिली. भरलेल्या चार खळग्यांपैकी डाव्या पंखावरचा एक अजूनही मधे खोल असल्याचे त्यात दिसले. पाठीवरची पायरी साचेकारांनी सांगितल्याप्रमाणे उंच बाजू खरवडून काढली. त्यासाठी कटरचे नवे पाते उभे धरून, धारेच्या उलट दिशेला ओढत, कागदासारख्या पातळ सालपटांत प्लास्टिक काढले आणि शेवटी कागद लावला. खरवडण्याने कागदापेक्षा नियंत्रण चांगले राहते असे जाणवले.

नाकाच्या कड्याभोवतीची फट आणि कॅनॉपी अजून बाकी आहेत. शिवाय पावसाळा तोंडावर आला आहे.

साचेकार

नाकाच्या कड्याला लगदा किंवा गोंद नको. शेजारी बारीक तपशील आहे आणि कड गोल आहे. घासायला लागलात की कड्याचा धारदार ओठ जाईल. मिग-२१ चा चेहराच त्या ओठावर अवलंबून असतो. इथे पाण्यात विरघळणारी ॲक्रिलिक पुट्टी वापरावी. फटीच्या दोन्ही बाजूंना टेप लावून पुट्टी आत दाबावी आणि ओल्या कापसाच्या काडीने जास्तीची पुसून घ्यावी. घासावे लागतच नाही. ही पुट्टी कडक होत नाही व तिच्यावर रेषा ओढता येत नाही, म्हणून पाठीसाठी ती निरुपयोगी आहे, पण कड्यासाठी आणि पंखाच्या मुळासाठी तिच्यासारखी दुसरी नाही. आक्रसली तर दुसऱ्या दिवशी आणखी एक थर द्यावा.

वॉटरपेपर

कॅनॉपीची रेघ घालवताना धीर धरावा लागतो, कारण मधल्या टप्प्यावर काच पूर्ण धुरकट होते आणि भाग वाया गेला असे वाटते. तो वाया गेलेला नसतो. रेघ आधी पात्याने खरवडून सपाट करावी, मग ओल्या कागदाने १०००, १५००, २००० आणि मिळाल्यास त्याहून बारीक असे जावे. त्यानंतर मॉडेलचे पॉलिशिंग कंपाउंड जाड, बारीक आणि अतिबारीक अशा क्रमाने मऊ सुती कापडावर घेऊन चोळावे. जोर देऊ नये. पारदर्शक प्लास्टिक ठिसूळ असते आणि कडेला तडकते. शेवटी पारदर्शक ॲक्रिलिक वार्निशमध्ये बुडवून, कड कागदावर टेकवून जास्तीचे निथळू द्यावे आणि धूळ बसू नये म्हणून वर वाटी उपडी घालावी. उरलेल्या सूक्ष्म चरा त्या वार्निशने भरून निघतात. कॅनॉपीजवळ फेविक्विक मात्र नको. त्याच्या वाफेने काचेवर पांढरी बुरशी आल्यासारखा थर बसतो.

रंगशाळा

पावसाविषयी. द्रावक उडून जाताना पृष्ठभाग थंड करतो. हवा दमट असेल तर त्या थंड पृष्ठभागावर बाष्प जमते आणि लॅकरच्या थरावर पांढरी झाक येते. धातूच्या रंगाखाली देतात त्या चकचकीत काळ्या थरावर ती आली तर वर दिलेला धातूचा रंग मेलाच म्हणून समजा. जून ते सप्टेंबर नाशिकमध्ये अंगात ओल भरेल असे दिवस असतात. त्या दिवशी जोडणीचे काम करावे, फवारणीचे नाही. पाऊस उघडलेला कोरडा दिवस निवडावा, कॉम्प्रेसरला पाणी अडवणारा सापळा लावावा आणि तो मधूनमधून रिकामा करावा. झाक आलीच तर सावकाश सुकणाऱ्या थिनरचा हलका फवारा दिला की ती बहुतेक वेळा निघते.

एप्रिल-मेचा त्रास उलटा असतो. पारा चाळिशीला टेकला की रंगाचे थेंब मॉडेलवर पोहोचण्याआधीच हवेत सुकतात आणि पृष्ठभाग खरखरीत होतो. पुष्कळांना तो घासण्यातला दोष वाटतो आणि ते विनाकारण पुन्हा पुट्टीकडे वळतात. तेव्हा सकाळी लवकर फवारावे, थिनर सावकाश सुकणारा घ्यावा आणि एअरब्रश थोडा जवळ आणावा.

रंगाआधी मॉडेल कोमट पाणी आणि भांड्यांच्या साबणाने, मऊ ब्रश पॅनेलरेषांतून फिरवत, धुवून घ्यावे. रेषांत बसलेला घासण्याचा भुगा वेळेवर निघाला नाही तर प्राइमरखाली दगडासारखा होतो. धुतल्यानंतर हातमोजे घालूनच हात लावावा, कारण बोटांचे तेल धातूच्या रंगाला धरू देत नाही.

गंगापूररोडकर

सर्वांचे मनापासून आभार. कड्याची फट सांगितल्याप्रमाणे भरली आणि कॅनॉपी स्वच्छ झाली. आज सकाळी हवा कोरडी होती म्हणून पूर्ण मॉडेलवर सरफेसरचा पातळ थर दिला. पंख, नाक आणि कणा उत्तम आले. फक्त पोटाखाली, लगदा भरलेल्या सांध्याच्या जागी, एक अतिशय पुसट उंचवटा तिरप्या उजेडात दिसतो. फवारण्यापूर्वी तो निश्चित नव्हता.

वॉटरपेपर

ती सांध्याची भूतरेघ आहे. सरफेसरच्या थिनरने लगदा शेजारच्या प्लास्टिकपेक्षा थोडा जास्त फुगवला, एवढाच त्याचा अर्थ. लगद्यातला द्रावक अजून पूर्ण गेलेला नव्हता. आता लगेच घासू नका. फुगलेल्या अवस्थेत सपाट केले तर सुकल्यावर तिथेच खोलगट पट्टी पडेल. आठवडाभर थांबा, उन्हात ठेवू नका, प्लास्टिक वाकते. नंतर ठोकळ्यावर १००० चा ओला कागद घेऊन केवळ उंचवटा काढा, खालचे प्लास्टिक दिसू लागले तरी चालेल. त्या जागेवर सरफेसर अगदी विरळ, कोरडसर थरांत द्या, म्हणजे थिनर पुन्हा आत शिरणार नाही. मग २००० ने घासून थेट काळ्या चकचकीत थराकडे वळा.

ओझरनिवासी

आणि तो आठवडा डेकलच्या (मॉडेलवर चिकटवायच्या छापील चिन्हांच्या) कागदावरचे क्रमांक छायाचित्राशी ताडून पाहण्यात घालवा. जुन्या मॉडेलांच्या डेकलांत एफएलचे क्रमांक आणि स्क्वाड्रनचे चिन्ह यांची जोडी पुष्कळदा चुकलेली असते.